दाराकडे बोटं केलेली पावलं

दादाचा फोन आला तेव्हा मी शहापूरला तांदूळ निवडत बसले होते. “तुझी वहिनी गेली,” एवढंच तो बोलला... त्याला सव्वा महिना झाला. अजूनही सुमनवहिनी म्हटलं की चेहऱ्याआधी मला तिचे पाय आठवतात.

सत्तरच्या दशकात ती नागपूरहून लाखनीला, आमच्या धान्य-व्यापाऱ्याच्या घरात सून म्हणून आली. माहेरी रेल्वे क्वार्टरात शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी तिला वॉल्ट्झ, जोडीनं करायचा विलायती नाच, शिकवला होता. आमच्याकडे सुनेनं रस्त्याकडच्या दारातसुद्धा उभं राहायचं नाही. चूल, विहीर आणि धानाची कोठी, इतकंच तिचं जग. तिचा जीव किती घुसमटत असेल, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. दुपारी आई आडवी झाली की वहिनी मला कोठीत न्यायची. पोत्यांच्या मधे जेमतेम चार हात जागा. मी उंच, म्हणून मी पुरुष. “तू पुढं ये, मी मागं जाईन. पायाकडे नको पाहू, माझ्याकडे पाह्य,” ती म्हणायची. डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ. मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ. सहा पावलांत चौकोन पुरा आणि आपण होतो तिथेच. एवढं नाचून पोचलो कुठे, असं मी विचारलं की ती नुसती हसायची.

माझे पाय सारखे चुकायचे. म्हणून एक दिवस मीच तांदळाच्या पिठानं जमिनीवर पावलं काढली, महालक्ष्म्यांना काढतात तशी. उजेड दारातून यायचा, म्हणून बोटं दाराकडे. नेमकी आई सूप न्यायला आली. आमच्या घरात लक्ष्मीची पावलं नेहमी आत येणारी. ही तर बाहेर निघालेली. “लक्ष्मीले घराबाहेर काढून राहिली का तू?” तिनं वहिनीला विचारलं. मी तोंड उघडणार तोच वहिनीनं माझा हात दाबला आणि चूक आपली म्हणून मोकळी झाली. तिनं जमीन सारवली. कोठीला कुलूप लागलं, किल्ली आईच्या कमरेला गेली. मी गप्प राहिले... पुढच्या वर्षी लग्न होऊन निघाले तरी गप्पच. त्यानंतर दरवर्षी महालक्ष्म्यांना वहिनी उंबऱ्यापासून आत येणारी पावलं काढायची आणि आई एकेक निरखून पाहायची.

तेराव्याला मी दादाला खरं सांगितलं. “मले माहीत होतं,” तो म्हणाला. “तुझं लगन जमून राहिलं होतं. मोडलं असतं. तुझी वहिनीच मले म्हणे, चूप राहा, एक तरी बाहेर निघू दे.”

आई गेली तेव्हाच कोठीचं कुलूप निघालं होतं, पण वहिनी पुन्हा आत गेली नाही, असं दादा म्हणाला. आता तिथे पोतीही नाहीत, जागा ऐसपैस आहे. मी दार लोटून आत गेले. दोन्ही हात तिला धरायचे तसे धरले आणि डावा पाय पुढे टाकला... मागे जायला समोर कोणी नव्हतं.