बुडबुडे मामांची टाकी

बुडबुडे मामांना नमस्कार केला की ते आधी हात वर करून आपल्याला थांबवायचे. उद्धटपणा नव्हे, मोजणी चाललेली असायची. काचेच्या टाकीतल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या देठातून मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मनगटावरच्या घड्याळावर मोजत, आकडा वहीत उतरवत आणि मगच तोंडभर हसून म्हणत, "हां, बोला मॅडम." धाराशिवच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. मी वनस्पतिशास्त्राची नवी प्राध्यापिका, टेबल त्या टाकीच्या समोरच. पदवी कोरी करकरीत आणि तोरा त्याहून.

दुष्काळाचं वर्ष होतं. गावाबाहेरचं तळं आटलं आणि हायड्रिला उरलं ते फक्त मामांच्या टाकीत. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली, आणि तेही पिवळं पडत चाललेलं. ऊन भरपूर होतं. कमी पडत होता कार्बन. तो कशातून द्यायचा यावर मामांनी महिनाभर डोकं चालवलं. खायचा सोडा टाकला, तर बोअरच्या जड पाण्यात पानांवर पांढरी पुटं चढली. गोटी सोड्याची बाटली ओतली, तर बुडबुडे झपाट्यानं वाढले, पण टाकीतले मासे पाण्यावर तोंड काढून तडफडू लागले. "एकदम दिल्यालं पचत न्हाय मॅडम," मामा म्हणाले. मग त्यांनी बेकरीतून यीस्ट आणलं, बाटलीतल्या गुळाच्या पाण्यात घातलं, बूच लावलं आणि सलाइनची नळी टाकीत सोडली. गॅस संथपणे येत राहिला. पानं हिरवी झाली. खोलीला मात्र आंबूस वास सुटला.

तो वास मी स्टाफरूममध्ये चहाबरोबर सांगितला. "मामांनी भट्टी लावलीय वाटतं," असं मी हसत म्हणाले. दुपारपर्यंत त्यातलं हसू गळून गेलं आणि प्राचार्यांपर्यंत नुसती भट्टी पोचली. त्यांनी सगळ्यांसमोर मामांना बोलावलं. मामांच्या तामलवाडीच्या घरात, वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून, दारूचा थेंब शिवला नव्हता. "गुळाचं पानी हाय सायेब. झाडासाठी हाय," मामा परत परत सांगत राहिले. नोकरी वाचली, पण बाटली मोरीत ओतावी लागली, आणि शिपाई त्यांना भट्टीवाले म्हणू लागले. मी गप्प बसले. आजही लिहिताना लाज वाटते.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. मामा रोज सकाळी पहिल्या एसटीनं येत आणि तीच नळी तोंडात धरून टाकीत हळूहळू श्वास सोडत बसत. पाव तास झाला की जरा दम खात, मग पुन्हा पाव तास. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक टेबलावर हायड्रिलाची हिरवी काडी होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "या दुष्काळात कुठून आणलीत?" मामा खाली बघत म्हणाले, "हितलीच हाय."

पुढं काही वर्षांनी मामा निवृत्त झाले. हारतुरे आटोपल्यावर मी त्यांना जिन्याखाली गाठलं आणि सांगून टाकलं, की भट्टी हा शब्द माझा होता.

मामा चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "ठावं हाय मॅडम. त्याच दिवशी कळलं व्हतं." मग अगदी हळू आवाजात: "तुमी तर समोरच बसत व्हता. मला इचारलं असतं, तर म्या सांगितलं नसतं व्हय?"