भिंतीपलीकडचा राऊटर

आप्पा आज सकाळी गेले, आणि त्यांच्या घरचं वायफाय अजून माझ्या मोबाईलवर येतंय.

फुल रेंज.

आप्पा म्हणजे माझे थोरले दीर. घाटनांदूरला कापडाचं दुकान. आधी दोघा भावांचं एकच होतं. वाटणी झाली तेव्हा दुकानाची दोन झाली आणि अंगणातून एक भिंत गेली.

भांडण असं नव्हतंच. फक्त दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मध्ये दोन-तीन माणसं सोडून बसायचे.

आमची मुलगी कॅनडाला गेली, तिला दिवस गेले, आणि इकडे ह्यांच्या हार्टचं निघालं. डॉक्टरांनी विमान बंद केलं.

हे तसे कमी बोलणारे. पण एकदा जेवताना म्हणाले, "नातवंडाला एकदा बघायला मिळावं. मग काही का होईना."

गावात तेव्हा ब्रॉडबँड नुकतंच आलेलं. आम्ही अर्ज केला, तर एक्स्चेंजमध्ये जागा शिल्लक नाही म्हणाले. सासऱ्यांच्या काळातला फोन आप्पांच्या वाट्याला गेलेला, त्यामुळे त्यांना लगेच मिळालं.

मी हे माझ्या जावेजवळ, अक्कांजवळ, सहज बोलले. मागितलं काहीच नव्हतं.

आठवड्याने अक्का आल्या. आप्पांनी लातूरहून वायरलेस राऊटर आणलाय, म्हणाल्या. सोबतचं पुस्तक इंग्रजीत आहे, तेवढं वाचायला तुला बोलावलंय.

आमच्याकडे धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पण सासरी आल्यावर हेही शिकले. म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले. आप्पा बाहेरच्या खोलीत, वायरींच्या पसाऱ्यात. अक्का मध्ये.

मी अक्कांना सांगायचं, फोनची वायर डाव्या टोकाला लावायला सांगा. अक्कांनी ते आप्पांना सांगायचं. आप्पांना सगळं ऐकू येत असायचं, तरी ते अक्कांचं सांगून होईपर्यंत थांबायचे. मग त्यांचा प्रश्न अक्कांमार्फत माझ्याकडे.

शेवटी अक्का वैतागल्या. "मी काय टेलिफोन एक्स्चेंज हाय का तुमचं?"

आप्पा हसले. मीही हसले, पदराआड.

नेटवर्कला काय नाव द्यायचं, असं आप्पांच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आलं. ते मात्र आप्पांनी कुणालाच विचारलं नाही. हळूहळू, एका बोटाने टाईप केलं.

घरी येऊन लॅपटॉप उघडला तर यादीत माझ्या सासऱ्यांचं नाव, आणि पुढे 'अँड सन्स'.

हे त्या नावाकडे बघत बसले. मग म्हणाले, चष्मा पुसून दे.

पण रेंज काही नीट येईना. आप्पांची बाहेरची खोली दगडी, शिवाय मधली भिंत. ओसरीच्या कोपऱ्यात एखादी काडी दिसायची आणि जायची. व्हिडिओवर मुलीचा चेहरा तुकड्यातुकड्यांत यायचा.

आप्पांनी तो राऊटर काढून दोन अँटेनांचा नवा आणला. जुना अक्कांनी कपाटात जपून ठेवला, साडीच्या रिकाम्या खोक्यात.

नात झाली. मुलगी दवाखान्यातून घरी आली आणि संध्याकाळचा कॉल ठरला. लाइट यायची वेळ बघून.

नेमक्या त्या दिवशी अक्का लग्नाला युसूफ वडगावला गेलेल्या.

लाइट आली. लॅपटॉप ओसरीत, हे समोर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. रेंज नाही.

भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग भिंतीच्या वर दोन हात दिसले, आणि हातांत राऊटर. मागे वायर ताणलेली.

हात डावीकडे गेले. थांबले. उजवीकडे गेले. थांबले.

पलीकडून आप्पांना कळेना, रेंज आली का नाही ते. मला तर बोलायची सोय नव्हती. मध्ये सांगणारं कुणी नव्हतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे स्क्रीनकडे बघत होते. एक काडी आली, गेली.

मग ह्यांनी घसा खाकरला.

"आप्पा, जरा वर धरा."

हात एक क्षण जागच्या जागी राहिले. मग वर गेले.

"आता?"

"आजून थोडं."

"आता बघ रं, नागू."

नागू. ह्या नावाने ह्यांना हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"आलं, आप्पा. तिथंच धरा."

आणि आमची नात स्क्रीनवर आली. झोपलेली, मुठी मिटलेली, अजिबात न तुटता. ह्यांनी नुसता हात स्क्रीनजवळ नेला, लावला नाही.

मग भिंतीकडे वळून म्हणाले, "आप्पा, तुमी बी या की बघायला. लई गोड हाय."

पलीकडून आप्पा म्हणाले, "मी आलो तर ह्ये कोन धरंल?"

कॉल संपेपर्यंत आप्पा स्टुलावर उभे होते. साठीच्या पुढचा माणूस, दोन्ही हात वर करून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावून भिंतीवर फळी ठोकून घेतली, वर पत्र्याचं छप्पर. पुढच्या कॉलला ते आमच्या ओसरीत होते. नातीला बघून म्हणाले, नाक आमच्या आईचं.

दुकानाचा विषय दोघांनी शेवटपर्यंत काढला नाही. भिंतही तशीच आहे. पण रोज संध्याकाळी दोघं दोन्हीकडून तिथं यायचे. लाइट गेली का, दिवा हिरवा आहे का, पोरीचा फोन आला का.

पुढे फायबर आलं, गावात कुणालाही कनेक्शन मिळू लागलं. आम्ही घेतलं नाही. आप्पाच नवीन राऊटर आणून बसवत राहिले. हे गेल्यावरसुद्धा.

डॉक्टरांनी ह्यांच्याबद्दल फारशी आशा दाखवली नव्हती. पण ह्यांनी नातीला चालताना बघितलं, बोलताना ऐकलं. शाळेच्या पहिल्या दिवशीची तिची बॅग बघितली.

आप्पा, हे सगळं तुमच्यामुळे. तुम्हाला हे कधी समोर येऊन सांगता आलं नाही. आता सांगते, आणि आपल्या लिंगायतांच्या रीतीने हात जोडते.

शरणार्थ.