आमच्या लॅबमधलं आखात

पीएचडीत रिझल्ट यायला वर्षं लागतात, किस्से मात्र रोज येतात! त्यात अमेरिकेतल्या आमच्या स्टेट कॉलेजच्या लॅबमध्ये कतारचा नासिर आणि सौदीचा फहद एकाच टेबलावर बसायचे. मग काय, किश्श्यांना तोटाच नाही.

*

सौदीनं कतारची सीमा बंद केली, त्या सकाळची लॅबमधली गोष्ट. फहद उठला आणि त्यानं टेबलाच्या मधोमध निळी टेप चिकटवली.

नासिरनं शांतपणे पाहिलं. म्हणाला, "प्रिंटर माझ्या हद्दीत आलाय. उद्यापासून व्हिसा आण!"

*

मटणभात खरा कुणाचा, यावरही वाद. शेवटी दोघांनी आपापला भात करून आणला आणि माझ्या रूममेटला, नागपूरच्या प्राजक्ताला, जज केलं.

तिनं दोन्ही चाखले. "अरे यार, दोन्हींत तिखटच नाही!"

त्या दिवशी दोन्ही देशांनी मिळून भारतावर बहिष्कार घातला.

*

गंमत लॅबपुरतीच होती. फहदची स्कॉलरशिप सरकारी. कतारच्या माणसाबरोबर दिसलो आणि तिकडे सरकारला कुणी कळवलं तर? ती भीती खरी होती. म्हणून कॅम्पसच्या बसमध्ये फहद पुढे बसायचा, नासिर पार मागे, आणि दोघं फोनवर मेसेज करत भांडायचे.

एकदा बसच्या दोन टोकांना दोघं एकाच वेळी खदाखदा हसले. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि बिचाऱ्यानं आधी स्वतःचीच टोपी चाचपली!

*

चौदा एप्रिलला आमच्या अपार्टमेंटवर जयंती. दोघं ताटं घेऊन दोन कोपऱ्यांत. प्राजक्ता कडाडली, "उठा! या घरात वेगळी पंगत नाही." बसले मुकाट शेजारी.

हार घातलेल्या फोटोकडे बघत फहदनं विचारलं, "हे तुमचे राजे?"

"राजे नाहीत. राजाशिवाय देश कसा चालवायचा, ते लिहून देणारे!"

दोन्ही राजांच्या प्रजेनं माना ताटात घातल्या. मला प्राजक्ताचा असा काही अभिमान वाटला की तिला खीर दोनदा वाढली.

*

नासिरची पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, म्हणजे डिफेन्स, झाली. पास! तो घरून आणलेल्या किटलीतून सगळ्यांना कॉफी ओतत होता. तेवढ्यात प्रोफेसर म्हणाले, "चला, वेबसाइटसाठी ग्रुप फोटो!"

नासिर पटकन फहदला हळूच म्हणाला, "तू बाहेर थांब."

फहदनं हातातला कप न पिता टेबलावर ठेवला. नासिरचा हात थांबला. त्यांच्याकडे पाहुण्यानं कप असा ठेवला, की त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमानानं हो म्हटल्याशिवाय तो घोटही घेत नाही.

"माग," नासिर म्हणाला.

"फोटोत तुझ्या शेजारची जागा."

"वेडा आहेस का? तिकडे कळेल, स्कॉलरशिप जाईल."

"कॉफी गार होतेय, नासिर."