वाणात आलेलं निलगिरीचं झाड

हळदीकुंकवाला बोलावून कुणी तुमच्या ओटीत एका पाखराचं मरण घातलं, तर हसत हसत घ्याल का हो? स्टुटगार्टच्या कुंदाने नाही घेतलं.

कुंदा सॉफ्टवेअर टेस्टर. पक्ष्यांचं शिक्षण शून्य. पण तीन वर्षं एस-बान लोकलमध्ये हेडफोन लावून ती केनियातल्या टाइटा टेकड्यांवरच्या जंगलात लावलेल्या माइकचं रेकॉर्डिंग ऐकत होती. हायडेलबर्गला पक्ष्यांवर पीएचडी करणाऱ्या स्पृहाने हे काम तिच्या गळ्यात घातलेलं. टाइटा अपालिस म्हणून एक गाणारं पाखरू आहे, राखाडी पाठीचं, चिमणीहून लहान. ते बोललं की वेळ टिपायची. जगात ते फक्त त्याच टेकड्यांवर. शेतीसाठी, सरपणासाठी तोडून तोडून तिथल्या जंगलाचे तुकडे उरलेत, आणि मधेमधे निलगिरी नि पाइन. दाट झुडपातलं पाखरू ते, निलगिरीच्या उघड्या बुंध्यांत काय करणार? दोन तुकड्यांना जोडणारी एक झुडपी पट्टी कशीबशी टिकली होती. गेल्या जानेवारीत तिथल्या माइकवर ते अकरा वेळा बोललं. यंदा तीनदा.

आणि यंदाच मराठी मंडळाच्या अध्यक्षा स्नेहलताताईंनी संक्रांतीचं वाण म्हणून स्टीलच्या डब्याऐवजी कागद वाटले. प्रत्येकीच्या नावाने केनियात एक झाड! पुण्याला जाण्या-येण्याच्या विमानाच्या धुराचं पाप तिथे फिटणार. कुंदाने कागदावरचा नकाशा पाहिला. तीच पट्टी. खाली मुंगीएवढ्या जर्मन अक्षरांत झाडाचं नाव. निलगिरी.

"ताई, यादी गेली का झाडं लावणाऱ्या कंपनीला?"

"शुक्रवारी जाईल. का गं?"

"ही झाडं लावायला तिथलं जंगल साफ करतायत, माझ्या त्या पाखराचं घर!"

"अगं, झाड ते झाड! आणि वाण परत करतात का कुणी? एका चिमणीपायी तमाशा नको."

"मग तुमच्या बाल्कनीतली तुळस उपटून निवडुंग लावू? झाड ते झाड!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "आल्झो, झालं, कुंदाबाई सुरू झाल्या."

"आई, बिट्टे निख्त, नको ना!" तिची बारा वर्षांची लेक तनया लाल होऊन पुटपुटली.

कुंदाने ऐकलं नाही. तिने फोन हॉलच्या स्पीकरला जोडला. आधी गेल्या वर्षीचं पाखरू वाजलं, खणखणीत. मग त्याच जागेचा, याच महिन्यातला आवाज. कुऱ्हाड. टक्. टक्. टक्.

"हे आपलं वाण," ती म्हणाली आणि कागद कुंकवाच्या ताटात परत ठेवला.

मग थोरल्या यमुनाकाकू काठी टेकत उठल्या. "अठ्ठ्याहत्तर वर्षांत वाण परत केलं नाही मी. हे घे." त्यांच्यामागून एकतीस कागद ताटात पडले. बाकीच्या पन्नासेक जणींनी ते पर्समध्ये सारले, नथी सावरून सेल्फी काढले आणि तिळगूळ चघळत निघाल्या.

"त्यांची नावं मी पाठवणारच," स्नेहलताताई म्हणाल्या.

"पाठवा. खाली निलगिरी म्हणून मोठ्या अक्षरात लिहा."

घरी येऊन कुंदाने दोनदा हात धुतले. किळस जाईना.

शुक्रवार अजून यायचाय. तुमच्या पर्समध्ये तसला कागद असेल तर आत्ता काढा. झाडाचं नाव वाचा, आधी तिथे काय होतं ते विचारा, आणि धड उत्तर आलं नाही तर तुमचं नाव यादीतून खोडून घ्या.