सांवेरच्या चिखलात एक फेरा जास्त

गेल्या वर्षी मी सायकलवरून पडले, तो रस्ता अगदी गुळगुळीत होता. कुत्रं आडवं आलं आणि डाव्या मनगटात प्लेट बसली. कोल्हापूरहून आईचा फोन आला. "स्वाती, मला शब्द दे. परत रस्त्यावर सायकल चालवायची नाही."

मी शब्द दिला. शेताबद्दल आमचं काहीच बोलणं झालं नव्हतं.

शेताची कल्पना मिलिंददादांची. ते महूचे. आजोबा फौजेत होते आणि दादा स्वतः शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. मी सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंदूरला आले, तेव्हापासून आमची ओळख. वय एकसष्ट, पण पोटऱ्या बघितल्या तर विश्वास बसत नाही.

"ताई, सायक्लोक्रॉस करून बघ ना," ते एका सकाळी म्हणाले. "शेतात, चिखलात, गवतात चालवायची. मध्ये मध्ये फळ्या लावतात. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, पळायचं, परत चढायचं. चाळीस मिनिटं, बस."

"आणि पडले तर?"

"पडणारच ना! पण मुलायम पडशील."

दिवाळीनंतर त्यांचा सायकलवाला ग्रुप सांवेरजवळ एका शेतात अशी शर्यत ठेवणार होता. तोपर्यंत सहा आठवडे होते. मी हो म्हटलं.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर सांगते, खास सायकल लागत नाही. माझी साधी माउंटन बाईकच होती. स्टँड, घंटी, कॅरियर काढलं आणि टायरमधली हवा कमी केली, म्हणजे चाक मऊ जमिनीला धरून राहतं. सराव इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानात, आठवड्यातून तीन सकाळी. पहिले दोन आठवडे दादांनी मला फक्त उतरायला शिकवलं. उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणायचा आणि सायकल चालू असतानाच जमिनीवर पळायला लागायचं. वाचायला सोपं वाटतं. फिरायला येणारे एक काका रोज थांबून बघायचे. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले, "मॅडमजी, ब्रेक खराब है क्या?"

उतरणं जमलं. खांद्यावर घेणंही जमलं. चढणं मात्र जमेना. पळता पळता उडी मारून सीटवर मांडी टेकवायची असते. मी सीटपर्यंत पोहोचायचे आणि ऐन वेळी पाय जमिनीला चिकटायचे. पडण्याची आठवण डोक्यात नव्हती, थेट गुडघ्यात होती. सहा आठवडे संपले तरी मी आपली थांबून, पाय टाकून, भाजी आणायला निघाल्यासारखी चढत होते.

"टेंशन नको घेऊ," दादा म्हणाले. "चढणं बाद में बघू."

रविवारी सकाळी सहाला त्यांच्या ओळखीच्या पिकअपमध्ये सायकली आडव्या टाकून निघालो. इंदूरहून उज्जैनच्या रस्त्याने सांवेर साधारण पाऊण तास. रस्ता चांगला आहे, फक्त ट्रॅक्टर-ट्रॉल्या मधूनच वळतात, तेव्हा स्वतःची गाडी असेल तर जपून. वाटेत एका टपरीवर पोहे घेतले, वर शेव आणि जीरावण मसाला. शर्यतीआधी एकच प्लेट खा. मी दोन खाल्ल्या आणि पहिल्या फेऱ्यात पस्तावले.

शेत देवीसिंगजींचं. सोयाबीन निघालेलं, गहू अजून पेरायचा होता. पेरणीआधी शेत ओलवतात, त्याला इथे पलेवा म्हणतात. ग्रुपच्या विनंतीवरून त्यांनी एका पट्ट्याला तो आदल्याच दिवशी दिला होता. म्हणजे दोन किलोमीटरच्या फेऱ्यात गवताचा बांध, सोयाबीनचे टोचरे खुंट, दोन फळ्या आणि मग शंभर पावलं माळव्याची काळी माती, लोण्यासारखी. आम्ही तेवीस जण. बायका दोन. दुसरी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होती आणि सुरू होताच दिसेनाशी झाली.

दादा रेषेवर स्टीलची थाळी आणि पळी घेऊन उभे होते. त्यांनी नियम सांगितला. "पहिला नंबर शेवटचा फेरा करून रेषेवर आला की शर्यत खतम. त्याच्यामागून जो येईल त्याची पण खतम, कितीही फेरे झालेले असोत. पण त्याच्या आधी रेषा ओलांडली, तर अजून एक फेरा मारावा लागेल. समझ में आया?"

सगळे हो म्हणाले. मी नुसती मान हलवली.

पहिल्याच फेऱ्यात काळ्या मातीने माझं मागचं चाक जाम केलं. माती टायरला, ब्रेकला, चेनला धरून बसली. सायकल खांद्यावर घेतली, तर ती एखाद्या भरल्या पोत्याएवढी जड. बांधावर देवीसिंगजींच्या पत्नी गीताबाई बसल्या होत्या. त्या खुरपं घेऊन उठल्या आणि काही न विचारता चाक खरवडायला लागल्या.

"म्हारा खेत की माटी इंदौर लई जई री हो कईं?" माझ्या शेताची माती इंदूरला नेताय की काय, असं त्या माळवीत म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या. मला इतकं हसू आलं की सायकल हातातून निसटली.

त्यानंतर प्रत्येक फेऱ्यात त्या मला थांबवून चाक साफ करून द्यायच्या. पोरं सपासप पुढे जात होती. "दीदी, लेफ्ट से!" "दीदी, राइट से!" मी दोन्हीकडून ओलांडली गेले. दम लागला, गुडघा सोलवटला, तोंडात माती गेली. घाबरायला मात्र वेळच मिळाला नाही.

चौथा फेरा संपत आला. रेषा समोर दिसत होती, आणि मागून आरडाओरडा ऐकू आला. पहिल्या नंबरचा मुलगा त्याचा शेवटचा फेरा पुरा करत माझ्याच मागे येत होता. दादांनी थाळी खाली टाकली आणि दोन्ही हात हलवायला लागले.

"ताई, रुक! थांब तिथेच! दहा सेकंद थांब, तो जाईल, तुझी पण खतम!"

मला सगळं नीट कळत होतं. ब्रेक दाबायचा, त्याला जाऊ द्यायचं, मागून सावकाश रेषा ओलांडायची आणि जेवायला बसायचं. दाल-बाफल्यांचा वास येत होता.

मी पायडल मारलं. रेषा ओलांडली. पाच सेकंदांनी मागे टाळ्या पडल्या, त्याच्यासाठी.

"पागल आहे ही!" दादांचा आवाज आला. मग थाळी वाजायला लागली, शेवटच्या फेऱ्याची, माझ्या एकटीसाठी.

एव्हाना रस्ता दाखवणाऱ्या पट्ट्या गुंडाळायला सुरुवात झाली होती. मला बघून एकाने त्या परत उलगडल्या. पहिली फळी आली. उतरले, उचलली, ओलांडली. दुसरी ओलांडली. सायकल खाली ठेवली, पळत होतेच, आणि गुडघ्याने कधी परवानगी दिली कळलंच नाही. मांडी सीटवर टेकली होती, दोन्ही पाय पायडलवर होते आणि सायकल चालत होती.

"जमलं!" मी मराठीत ओरडले. जवळपास गीताबाईंशिवाय कुणी नव्हतं. त्यांना काय जमलं ते कळलं नाही, पण त्यांनी खुरपं वर करून दाद दिली.

तेवीस जणांत तेविसावी आले. बाफले गार झाले होते, पण गीताबाईंनी वरून तूप ओतताना हात आखडला नाही. फी फार नव्हती, त्यात हे जेवणही आलं. जाणार असाल तर कपड्यांचे दोन जोड, जुना टूथब्रश आणि गाडीत अंथरायला प्लास्टिक न्या.

दुपारी घरी पोहोचले. सायकल बाथरूममध्ये धुतली आणि जाळी तुंबली. माझा नवरा नितीन बाह्या सरसावून ती साफ करत होता आणि मी बाहेर स्टुलावर बसून त्याला सगळं सांगत होते. मध्येच त्याने मान वर केली.

"एक सांग. दहा सेकंद थांबली असतीस तर सुटका होती. का नाही थांबलीस?"

मी विचार केला. जिद्द वगैरे काही सांगता आलं असतं. आता ब्लॉगवर लिहितेय म्हटल्यावर ते शोभलंही असतं. पण तेव्हा रेषेपाशी तसलं काही मनात आलं नव्हतं.

"मजा येत होती," मी म्हटलं.

तो हसला आणि पुन्हा जाळीकडे वळला. एखाद्या प्रश्नाला मी असं उत्तर शेवटचं कधी दिलं होतं, ते काही केल्या आठवेना.