पाचव्या होलचा वाघोबा

शेजारच्या डॉक्टरांनी माझं काहीच वाकडं केलेलं नव्हतं, तरी त्यांची नुसती पांढरी टोपी दिसली की माझं डोकं तापायचं.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना आमची वसाहत लागते. साठी उलटलेल्यांनाच इथे घर मिळतं. निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको इथे आलो ते चांगल्या हवेसाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे माहितीपत्रकातला नऊ होलचा गोल्फ कोर्स बघून मीच हुरळलो होतो. जुन्या भातखाचरांवर हिरवळ लावून केलेलं मैदान. बांध तसेच ठेवलेत, त्यामुळे बॉल कुठे उडी मारेल याचा नेम नाही. मी शिकवणी लावली, हातमोजा घेतला, दोन वर्षं घाम गाळला. बायकोनं दिवाळीनंतर गंमत म्हणून काठी हातात घेतली आणि चौथ्याच दिवशी तिचा बॉल माझ्या बॉलच्या पुढे जाऊन पडला. ती मुरबाडकडची, माहेरी भात झोडलेले हात. 'खांदे सैल सोडा' हे मास्तर मला दोन वर्षं सांगत होते, तिला एकदाही सांगावं लागलं नाही.

डॉक्टर एकटेच राहतात. त्यांची पत्नी इथे यायच्या आधीच गेली. माणूस सत्तरीचा, पण ताठ. बायकोनं बॉल मारला की ते "वा वहिनी!" म्हणायचे. मी मारला की "चालेल, चालेल." त्या 'चालेल'नं माझा दिवस नासायचा.

फेब्रुवारीत वसाहतीची जोडीस्पर्धा होती. जोडीत नवरा-बायकोच हवेत असा काही नियम नव्हता. डॉक्टरांनी तिला रीतसर विचारलं, माझ्यासमोरच. मी विचारलंच नव्हतं. स्वतःच्या बायकोला काय विचारायचं? ती म्हणाली, "रविवारी तिघं मिळून खेळू. संध्याकाळी नाव देते." त्या रविवारी मला जिंकायचं नव्हतं. तिनं संध्याकाळी माझं नाव द्यावं, एवढंच हवं होतं.

काठ्यांच्या पिशव्या उचलायला शेजारच्या पाड्यावरच्या मावशी होत्या. जितके कमी फटके तितकं चांगलं, आणि आमच्यात आपले फटके आपणच मोजून सांगायचे, दुसऱ्यानं विचारायचं नाही. फटके लिहायचं कार्ड बायकोकडे, कारण अक्षर तिचं चांगलं. चार होल झाले तेव्हा ती डॉक्टरांच्या बरोबरीनं होती आणि मी दोघांच्या बराच मागे.

पाचव्या होलच्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली वाघोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, भोवती धोंड्यांचं रिंगण. जमीन देताना पाड्यावरच्यांनी एकच अट घातली होती, देव हलवायचा नाही. म्हणून आमच्या कोर्सचा एक खास नियम आहे. बॉल रिंगणात पडला तर तिथे काठी उचलायची नाही. बूट बाहेर काढून आत जायचं, पाया पडायचं, बॉल हातानं उचलून बाहेर ठेवायचा. त्याचा फटका मोजत नाहीत.

बायकोचा बॉल टुणटुणत थेट रिंगणात गेला. तिनं बूट काढले आणि हात जोडले. तेवढ्यात डॉक्टरही बूट काढून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "पाया पडायला बॉलच पडायला हवा असं थोडंच आहे!" सत्यनारायणाला बसलेलं जोडपं दिसावं तशी ती दोघं दिसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच तिरमिरीत मी बॉल मारला. तो उजवीकडे वळला आणि रिंगणाच्या हातभर बाहेर करवंदीच्या जाळीत घुसला. तिथून बॉल काढायचा म्हणजे एक फटका वाढणार. ती दोघं पाठमोरी होऊन बूट घालायला वाकली होती. मी लगबगीनं जाऊन बॉल उचलला, बाहेर ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "माझापण वाघोबाकडेच गेला!"

मावशी माझ्या पायांकडे बघत होत्या.

"बाबा, तुमी देवाकडं गेलं तं बूट कसं नाय काढलं?"

त्यांच्या आवाजात संशय अजिबात नव्हता, भीती होती. देवाच्या रिंगणात माणूस बूट घालून शिरला, याहून वाईट काही त्यांना सुचलंच नव्हतं. मी बॉल पुसायला लागलो. तशा त्या स्वतःच वाघोबापुढे वाकल्या आणि माझ्या वतीनं पुटपुटू लागल्या, "म्हातारा मानूस हाय, चुकला, पोटात घाल." तेवढं मात्र मला सोसवलं नाही.

"मावशी, उठा. मी आत गेलोच नव्हतो. बॉल करवंदीत होता."

डॉक्टर म्हणाले, "चालेल, चालेल." बायकोनं कार्डावर माझ्या आकड्यात एक वाढवला.

संध्याकाळी व्हरांड्यात चहा घेताना तिनं सांगितलं, "डॉक्टरांचं नाव दिलंय."

"बरंच केलंस! तुम्हा दोघांना देवानंच एकत्र उभं केलं," मी म्हणालो. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं घाण मी क्वचितच बोललो असेन. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं कप खाली ठेवला.

"अहो, तुम्ही डॉक्टरांवर जळत नाही, माझ्यावर जळता. मी खेळायला लागल्यापासून एकदा तरी 'छान मारलास' म्हणालात? तुमच्या प्रत्येक बढतीला आळीभर पेढे मी वाटले. पायाला गोळे येईपर्यंत."

एवढं बोलून ती आत गेली आणि भाजी चिरायला लागली.

स्पर्धेच्या दिवशी मी प्रेक्षकांत खुर्ची टाकून बसलो. ती सुरेख खेळत होती. 'छान' हा शब्द दोनदा ओठांपर्यंत आला आणि मी तो गिळला. शेवटच्या होलला डॉक्टरांचा एक साधा बॉल हुकला आणि ती दोघं तिसरी आली. नाव पुकारलं तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात. त्या टाळ्या तिच्या बक्षिसाला नव्हत्या, हुकलेल्या पहिल्या नंबराला होत्या. एवढ्या गर्दीत हे एकाच माणसाला कळलं, माझ्या बायकोला. ती ढाल घेऊन खाली उतरली, माझ्याकडे नीट बघत थांबली, आणि डॉक्टरांनी पुढे केलेली खुर्ची सोडून माझ्या शेजारी येऊन बसली.