काळ्या रानातला विमानतळ

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाच्या हाती पडलंच, तर चुका पोटात घालाव्यात. बोलायचं ते वेळेवर बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आम्ही नांदुऱ्याला राहत होतो. माझे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने मनावर घेतलं, की गावाला विमानतळ हवा. त्यांचं म्हणणं, सरकारी विमानं आता गावोगाव माणसं नेऊ लागलीत. जागा तयार दिसली की इथंही उतरतील. शेठनी आपलं शेतही फुकट देऊ केलं. नकाशा यांनी काढला. धावपट्टी, प्रवाशांची खोली, खोलीपुढे फुलझाडंसुद्धा. मग पावतीपुस्तक घेऊन हे दारोदार फिरले. "विमान नाही आलं तर पैसे परत, हा माझा शब्द," असं प्रत्येकाला सांगायचे. दहा-दहा रुपये लोकांनी दिले ते शेठकडे पाहून नाही, मास्तरांकडे पाहून.

चैत्रात मी डबा घेऊन त्या शेतावर गेले. रान अगदी सपाट, पण काळं. भेगा एवढ्या, की कोपरापर्यंत हात जावा. मजूर त्यात माती भरत होते. मी वरवट बकालच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे घर पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीत बांधतात, काळीत साधा गोठासुद्धा कुणी बांधत नाही. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. यांचं लहानपण रेल्वेच्या चाळीत गेलेलं, यांना ते काय ठाऊक! पण शेठला ठाऊक नव्हतं का? फुकट मिळालेल्या जमिनीला नाव ठेवणार कोण? चार पुरुष उभे होते. मी पदर ओढून परत आले.

घरी यांनी विचारलं, "कशी वाटली जागा?"

"मोठी आहे," मी म्हणाले. तेवढंच.

श्रावणात नागपूरहून विमान खात्याचे साहेब जागा पाहायला आले. त्यांची जीप धावपट्टीवर शंभर पावलं गेली आणि चाकं बुडाली. बैलजोड्या लावल्या तरी हलेना. पोरं ओरडत होती, "ओढा बे, इमान फसलं!" साहेबांनी बुटाचा चिखल काठीने काढला नि म्हणाले, "मास्तर, इथं बैलगाडी उतरली तरी पुष्कळ." सगळे हसले. शेठही हसले.

पैसे सपाटीकरणात आणि पत्र्याच्या खोलीत गेले होते. शेठ म्हणाले, गेलं ते गेलं. पण पावत्यांवर सही यांची होती. बाजारात लोक विचारायचे, "काय मास्तर, कव्हा येते इमान?" हे हळूहळू बाजारात जायचेच बंद झाले. घरात नकाशाची सुरळी होती, ती यांनी चुलीत घातली. 

मग यांनी शिकवण्या धरल्या. मी लोकांच्या शेवया, पापड करून द्यायला लागले. पाटल्या विकल्या. महिन्याला दोन-तीन घरांचे पैसे फिटत. पैसे पोचले की हे पुस्तकात राहिलेल्या त्या पावतीच्या अर्ध्यावर काट मारत. बारा पावत्या राहिल्या असताना हे तापाने गेले. काळ्या मातीचं मला माहीत होतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या बारा मी फेडल्या. शेवटची भाजी विकणाऱ्या म्हातारीची होती. मी दहाची नोट पुढे केली.

"काऊन आणले वं बाई? मास्तर गेले, आता कोन मांगते?"

"घ्या," मी म्हणाले. "मास्तरांनी शब्द दिला होता."

तिने वांगी बाजूला सारली, नोट कनवटीला लावली. मी पावतीवर काट मारली. आता कुणाचं काही राहिलं नव्हतं.